लोककथा आणि आपली शाळा

(शिंपी समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा शिष्यवृत्त्या, वसतिगृह, स्पर्धा-परीक्षा हे नेहमीचे विषय आमच्या मनात आलेच. त्यांचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु त्यांवर बोलणारे अधिकारी पुरुष येथे पुष्कळ आहेत. आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता लहान मुलांचा आहे. निरनिराळ्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, म्हणजेच लोककथा, शाळेच्या वर्गात का सांगाव्यात आणि कशा सांगाव्यात, एवढाच तो विषय. आयुष्याची बरीच वर्षे आम्ही या बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत घालविली. तेथे जे पाहिले त्यावरून आमचे असे ठाम मत झाले आहे की, ज्या मुलाच्या घरची गोष्ट शाळेत कधीच ऐकली जात नाही, ते मूल हळूहळू मुके होते. आणि मुके झालेले मूल पुढे शाळा सोडते.

हा विचार आपल्या समाजाला परका वाटू नये. श्रीसंत नामदेव महाराज हे आपले भूषण. औंढ्या नागनाथाची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकली आहे. भजनात रंगलेल्या नामदेवांना ज्ञातीच्या कारणाने देवळासमोरून उठविले. ते मागच्या बाजूस जाऊन बसले आणि देवानेच देऊळ त्यांच्याकडे फिरविले. ही कथा हिंगोली जिल्ह्यातील औंढ्यापाशी थांबली नाही. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग त्यांतही येतो आणि पंजाबातील घुमान गावी नामदेवांचे स्मरण आजही होते. आपल्या घरची गोष्ट दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या पंथाच्या लोकांनी आपली म्हणून जपली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. आणि तो रास्तच आहे. मग दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपण तितक्याच आदराने ऐकतो काय, हा प्रश्न आज आम्ही आपणापुढे ठेवीत आहोत.

निरनिराळ्या संस्कृतींच्या कथा म्हटल्या की आपली दृष्टी एकदम सातासमुद्रापलीकडे जाते. परंतु आपल्या जिल्ह्यातील एखाद्या वर्गात डोळे उघडे ठेवून बसावे. घाटावरील मेहकर-लोणारकडच्या शाळेत तांड्यावरून आलेले बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते. शेजारी वऱ्हाडी बोलणारे शेतकऱ्याचे मूल असते. त्याच्या पलीकडे घरी उर्दू बोलणारे मुसलमानाचे मूल असते. घाटाखाली जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो तर कोरकू, भिलाला, निहाल यांची मुले भेटतात. यांतील निहालांची निहाली ही बोली तर भाषाशास्त्रज्ञांना पडलेले एक कोडेच आहे. तिचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुळाशी अद्याप निश्चितपणे जुळलेले नाही. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपासच उरले आहेत. युरोपातील विद्वानाला जिचे मोल कळले ती बोली आपल्याच जिल्ह्यात आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? आणि ती बोलणारे मूल वर्गात आले की त्याला आपण काय म्हणतो? ‘याला काही बोलता येत नाही.’ त्याला बोलता येते. आपल्याला ऐकता येत नाही, असे खरे तर म्हटले पाहिजे.

अशा वर्गात लोककथेचे काम कसे चालते, ते दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण कावळ्याचे. चिऊ-काऊची गोष्ट मराठी मुलाच्या कानावर पडणारी बहुधा पहिलीच गोष्ट. तिचे वयही थोडेथोडके नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात साळई आणि कावळा यांच्या मेणाच्या व शेणाच्या घरांची ही गोष्ट आढळते. म्हणजे किमान सातशे वर्षे मराठी मूल ती ऐकत आहे. या गोष्टीत कावळा आळशी, त्याचे घर वाहून जाते आणि तो दाराबाहेर भिजत उभा राहतो.

आता त्याच वर्गात कोरकू मुलाला विचारावे, ‘तुझ्या घरी कावळ्याची गोष्ट सांगतात का रे?’ रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदविलेली आहे. ती अशी : विंध्य आणि सातपुडा हे डोंगर ओसाड पडलेले पाहून रावणाने महादेवाला विनविले की, येथे मनुष्यवस्ती कर. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधावयास पाठविले. कावळ्याने ते शोधून काढले. महादेवाने त्या मातीची स्त्री-पुरुषांची दोन बाहुली केली. परंतु इंद्राने धाडलेल्या घोड्यांनी ती तुडविली. पुन्हा केली, पुन्हा तुडविली. शेवटी महादेवाने मातीचा कुत्रा करून त्यात प्राण घातले, त्या कुत्र्याने घोडे पिटाळले, आणि मग घडलेली मुला व मुलाई ही जोडी कोरकूंचे आदिपुरुष व आदिमाता ठरली.

या एका कथेने वर्गात काय काय होते, याचा आपण विचार करावा. शेणाच्या घरात राहणारा मूर्ख कावळा येथे देवाचा दूत होतो. दसऱ्याला ज्याचा पुतळा जाळतात तो रावण येथे ओसाड डोंगरावर माणसे यावीत म्हणून देवाजवळ रदबदली करतो. मैदानातल्या मुलाला प्रथमच कळते की, एकाच नावाला दुसऱ्या घरात दुसरा अर्थ असू शकतो. आणि कोरकू मुलाला कळते की, आपल्या आजीला जे ठाऊक आहे ते गुरुजींनाही ऐकावेसे वाटते. यांतील दुसरे ज्ञान पहिल्याहून मोठे आहे, असे आम्हास वाटते.

कावळ्याची कथा येथे संपत नाही. मुसलमानाचे मूल सांगेल की, कुराणात आदमच्या दोन पुत्रांची कथा आहे. एकाने दुसऱ्याची हत्या केली आणि प्रेताचे काय करावे हे त्याला सुचेना, तेव्हा ईश्वराने पाठविलेल्या कावळ्याने जमीन उकरून त्याला मार्ग दाखविला. आपल्या घरी पितृपक्षात कावळ्याला घास ठेवून आपण त्याची वाट पाहतोच. मग गुरुजींनी नकाशावर कॅनडाचा पश्चिम किनारा दाखवावा आणि सांगावे की, तेथील हैडा लोकांच्या कथेत जगात अंधार होता, एका म्हाताऱ्याने सारा प्रकाश पेटीत कोंडून ठेवला होता आणि डोमकावळ्याने युक्तीने तो पळवून आकाशात आणला. एका पक्ष्याच्या निमित्ताने सातपुडा, अरबस्तान, कॅनडा आणि आपले परसदार एका तासात वर्गात येते. भूगोलाचा असा पाठ कोणत्या पुस्तकात सापडेल?

दुसरे उदाहरण भोपळ्यातील म्हातारीचे. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट होणारी आणि परतताना भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चकविणारी ही म्हातारी अस्सल आपली, असे आपण समजतो. परंतु उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० मधील बंगाली कथासंग्रहात एक पाठीत वाकलेली म्हातारी आहे. ती नातीकडे जाते आणि परतताना भोपळ्यात बसते. बरोबर चिवड्याचे पोहे आणि चिंच असते. इराणात हीच म्हातारी लेकीच्या घरून भोपळ्यात बसून निघते आणि वाटेत लांडगा, चित्ता, सिंह यांना झुकांडी देते. पोर्तुगालातही भोपळ्यातून घरंगळत जाणारी म्हातारी आहे आणि तेथे तिच्या वाटेवर लांडगा टपलेला आहे. कोणी कोणाची उसनी घेतली हा वाद पंडितांनी करावा. वर्गात मुलांना एवढेच विचारावे : या गोष्टींत काय बदलले आणि काय बदलले नाही? मुले उत्तर देतात. ज्या देशात जे जनावर, ते वाटेत येते. ज्या घरात जो खाऊ, तो भोपळ्यात जातो. परंतु म्हाताऱ्या जिवाला लेकी-नातीच्या घरी मिळणारी माया आणि दुबळ्याने बळकटाला बुद्धीने जिंकणे, या दोन गोष्टी कोठेही बदलत नाहीत. माणूस सर्वत्र एकच, हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही. ते या म्हातारीमुळे पटते.

आता एका नाजूक बाबीकडे वळतो. सर्वच जुन्या गोष्टी निर्दोष आहेत असे समजू नये. पुष्कळ गोष्टींत आणि म्हणींत एकेका ज्ञातीला एकेक दुर्गुण चिकटविलेला असतो. कोणी लोभी, कोणी भित्रा, कोणी खादाड. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको, असे बजावणारी म्हण आपणा सर्वांस माहीत आहे. ती भर वर्गात ऐकताना आपल्या लहानग्याची मान खाली जाते. ग्रिमबंधूंच्या जर्मन कथेतील शिंपी मात्र एका फटक्यात सात माश्या मारतो आणि त्या पराक्रमाच्या बळावर पुढे राजा होतो. ती ऐकताना हेच मूल ताठ बसते. आपल्या मुलाविषयी जे आपल्याला कळते तेच दुसऱ्याच्या मुलाविषयी कळले पाहिजे.

पंचतंत्रातील कबुतरांची गोष्ट घ्या. जाळे टाकणारा खलपुरुष कोण? पारधी. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाले आणि पुढे युरोपभर पसरले. तेथल्या मुलांना पारधी म्हणजे केवळ शिकार करणारा माणूस. परंतु आपल्या वर्गात पारधी हे एका मुलाच्या ज्ञातीचे नाव आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कलंक कायद्यातून पुसला. परंतु लोकांच्या बोलण्यातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. अशा मुलासमोर गुरुजी ‘दुष्ट पारधी आला’ असे वाचतात आणि साऱ्या वर्गाच्या नजरा मागच्या कोपऱ्यात वळतात, तेव्हा त्या मुलाने कोठे पाहावे?

यावर गोष्ट टाकून देणे हा उपाय नव्हे. दुसरी गोष्ट तिच्या शेजारी ठेवणे हा उपाय आहे. महाशिवरात्रीच्या कथेतील व्याध आपणा सर्वांस परिचित आहे. बेलाच्या झाडावर बसलेला तो शिकारी, पाडसांना भेटून परत येते असे वचन देणारी हरिणी आणि ते वचन पाळले गेलेले पाहून धनुष्य खाली ठेवणारा त्याचा हात. लोकांनी या दोघांना आकाशात जागा दिली. ज्या मृग नक्षत्राची आपला वऱ्हाडातील शेतकरी जून महिन्यात डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, तेच ते हरिण; आणि त्याच्यामागे तेजाने तळपणारा तारा तो व्याध. ग्रीक लोकांनी याच तारकापुंजात ओरायन नावाचा शिकारी पाहिला आणि आपल्या व्याधाच्या ताऱ्याला त्याचा कुत्रा म्हटले. आकाश एकच, गोष्टी दोन. हिवाळ्याच्या रात्री मुलांना अंगणात नेऊन हे दाखवावे. आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याला आपल्या पूर्वजांनी व्याधाचे नाव दिले, हे पारध्याच्या मुलाने एकदा ऐकले, म्हणजे कबुतरांच्या गोष्टीला तो डरणार नाही.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते. त्याला उत्तर लोणारच्या सरोवरात आहे. लवणासुर दैत्य भूमीखाली दडून बसला होता, भगवंताने पायाच्या अंगठ्याने त्याच्या गुहेचे झाकण उडविले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि पाण्यातील क्षार हे त्याचे मांस, अशी कथा तेथे सांगतात. हे विवर अशनिपाताने झाले, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. वर्गात दोन्ही सांगावीत. पाणी इतके खारट का, हा प्रश्न जुन्या माणसालाही पडला होता. त्याने त्याच्यापाशी असलेल्या साधनाने उत्तर दिले. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तपासाअंती त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीव हे निघाले. गोष्टीने प्रश्न जिवंत ठेवला, शास्त्राने उत्तर दिले. ज्याला गोष्ट आणि शास्त्र यांतील भेद शिकविला आहे, ते मूल अंधश्रद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि गुणांचा. पालक म्हणतात, गोष्टींनी परीक्षेत काय मिळते? आम्ही त्यांना गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ वाचावयास सांगतो. त्यातील शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गात पहिले पाऊल टाकतो ते गोष्टीच्या बळावर. वाचन, लेखन, व्याकरण सारे त्यामागून येते. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांनी पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड येथे वारली मुलांसाठी आपले आयुष्य वेचले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा बाणा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितले. कायदा झाला, आता माणसे पाहिजेत.

म्हणून आपल्या मंडळापुढे आमच्या काही नम्र सूचना आहेत. आपल्या समाजात शिक्षक-शिक्षिकांची संख्या थोडी नाही. त्यांनी आठवड्यातून एक तास, शनिवारी सकाळी, घरच्या गोष्टीसाठी राखावा. मुलाने गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. मग वर्गाने मिळून ती मराठीत मांडावी. सांगताना शब्द चुकला म्हणून कोणी टोकू नये. सांगणाऱ्या आजीचे गाव आणि बोली यांची नोंद करून गोष्ट वहीत उतरावी. वर्षातून दोन वेळा एखाद्या तांड्यावरील, पाड्यावरील किंवा मोहल्ल्यातील वृद्धेला सन्मानाने वर्गात बोलवावे. तिला खुर्ची द्यावी आणि गुरुजींनी मुलांबरोबर खाली बसावे. परदेशची कथा नंतर घ्यावी, आणि नकाशा जवळ ठेवून घ्यावी.

पालकांसाठी सूचना अशी की, सायंकाळी मुलाला ‘आज किती गुण मिळाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘आज कोणाच्या घरची गोष्ट ऐकलीस?’ असे विचारावे. आणि मंडळाने दरवर्षीच्या गुणगौरवात एक पारितोषिक असे ठेवावे की, जे आपले मूल दुसऱ्या समाजातील वर्गमित्राच्या घरची गोष्ट ऐकून, त्याचे नाव सांगून, ती या व्यासपीठावरून सांगेल त्याला ते मिळावे. ज्ञातीच्या संमेलनात परक्या ज्ञातीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती येथेच शोभेल. ज्ञातिमंडळ हे आपल्या माणसांना आधार देण्यासाठी असते, भोवती कुंपण घालण्यासाठी नव्हे. आपल्या बायकांच्या हातची वाकळ जुन्या लुगड्यांच्या नाना रंगांच्या तुकड्यांची असते. एकाच कापडाची असती तर तिला ती ऊब आली नसती.

बंधुभगिनींनो, नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. आज आपल्या जिल्ह्यात कित्येक वर्गांच्या मागच्या कोपऱ्यात एखादे कोरकू, निहाल, पारधी, बंजारा मूल गप्प बसलेले आहे. त्याच्यापाशी गोष्ट आहे, ऐकणारा नाही. त्याच्याकडे वर्गाचे तोंड फिरविणे हे काम देवाचे नव्हे, आपले आहे. नामदेवांचे नाव घेणाऱ्या समाजाने त्याला आरंभ करावा, एवढीच प्रार्थना.